यहूदी उपासनेतील काही शब्द व त्यांचा इतिहास

ज्या निमित्ताने ही स्मरणिका वाचकांच्या हाती पडत आहे, त्या ‘ज्युबिली’ ह्या शब्दाचे मूळ कोठे आहे ह्याचा विचार आपल्यापैकी फारच थोड्यांनी केला असेल. हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला. इंग्रजीस तो लॅटिनच्या वाटेने मिळाला. आणि लॅटिनने तो हिब्रू भाषेतील ‘योवेल’ ह्या शब्दावरून घेतला. ‘योवेल’ म्हणजे मेंढा, आणि त्यावरून मेंढ्याचे शिंग. सात वेळा सात वर्षे लोटली म्हणजे पन्नासाव्या वर्षी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, देशभर शिंग फुंकावे, दासांस मोकळे करावे, आणि हातची गेलेली वतनी जमीन मूळ कुळास परत द्यावी, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात आहे. पोप आठवे बोनिफास ह्यांनी १३०० साली रोममध्ये पवित्र वर्ष पाळले, तेव्हापासून ख्रिस्तसभेत ज्युबिलीची प्रथा रूढ झाली. म्हणजे ज्या समारंभाचा आपण आनंद मानीत आहो, त्याचे नावच आपणांस दुसऱ्या एका लोकसमाजाने दिलेले आहे.

असे शब्द आपल्या मुखी आणखीही आहेत. ते ज्यांच्याकडून आले ते यहूदी लोक जुन्या करारात वाचावयाचे आणि तेथेच सोडून द्यावयाचे, असे नव्हेत. ते आजही तेच शब्द रोज उच्चारीत आहेत, आणि त्या शब्दांसाठी त्यांनी पुष्कळ सोसले आहे. यास्तव त्यांच्या उपासनेतील व धर्माचरणातील नित्याचे काही शब्द, त्यांचे अर्थ, आणि ते कोणत्या वाटेने आजवर येऊन पोहोचले, ह्याचा थोडक्यात वृत्तांत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ ‘आमेन’पासून करू. ‘तसे होवो’ असा त्याचा अर्थ आपण मुलांस शिकवितो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. ज्या धातूपासून हा शब्द निघाला त्याचा अर्थ घट्ट असणे, न ढळणे, भरवसा ठेवण्याजोगे असणे. विश्वास ह्या अर्थाचा ‘एमुना’ हा शब्दही त्याच धातूचा. तेव्हा आमेन म्हणणारा मनुष्य नुसती इच्छा व्यक्त करीत नाही. दुसऱ्याने म्हटलेल्या प्रार्थनेवर तो आपली सही करतो. ह्या एका शब्दाविषयी यहूदी पंडित किती दक्ष होते ते तालमूद ह्या त्यांच्या महाग्रंथावरून दिसते. ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरी त्यांचे सभास्थान इतके विस्तीर्ण होते की, पुढे चाललेली प्रार्थना मागच्यांस ऐकू येत नसे. म्हणून मध्यभागी लाकडी चौथरा करून त्यावर एक सेवक हाती वस्त्र घेऊन उभा राही, आणि आमेन म्हणण्याची वेळ आली की ते हालवी. त्याच ग्रंथात अन्यत्र तीन प्रकारची आमेने निषिद्ध सांगितली आहेत : घाईने हिसकावून घेतलेले, शेवट तोडलेले, आणि अनाथ. कोणत्या स्तुतीस आपण रुकार देत आहो हे ठाऊक नसता जे म्हटले जाते, ते अनाथ आमेन.

‘आलेलुया’ हे वस्तुतः एक लहान वाक्य आहे. ‘हाल्लेलू’ म्हणजे स्तुती करा, आणि ‘याह’ हे परमेश्वराच्या नामाचे लघुरूप. स्तोत्रसंहितेतील ११३ ते ११८ ही स्तोत्रे यहूदी लोक सणावारी ‘हाल्लेल’ ह्या नावाने म्हणतात. आपण हा शब्द उपवासकाळात मुखी आणीत नाही आणि पास्काच्या रात्री पुन्हा गातो. शब्द काही काळ आवरून धरला म्हणजे त्याची गोडी वाढते, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. ‘होसान्ना’ची गोष्ट याहून निराळी. तो मुळात जयघोष नव्हेच. ११८ व्या स्तोत्रातील ती आर्त हाक आहे, आणि तिचा अर्थ ‘आता आम्हांस तार’ असा होतो. मांडवांच्या सणात यहूदी लोक खजुरीची झावळी व इतर डहाळ्या हाती घेऊन प्रदक्षिणा घालतात, आणि प्रत्येक फेरीस हीच हाक देतात. सणाच्या सातव्या दिवसाचे नावच ‘होशाना राब्बा’, म्हणजे मोठा होसान्ना, असे आहे. झावळ्यांच्या रविवारी आपण हाती झावळी घेऊन तोच शब्द म्हणतो, तेव्हा त्यातील जयजयकार आपणांस ऐकू येतो. त्यामागील याचना मात्र बहुधा निसटून जाते.

एक शब्द मात्र यहूदी लोक लिहितात, वाचतात, पण उच्चारीत नाहीत. तो म्हणजे चार व्यंजनांचे परमेश्वराचे नाम. ते जेथे येईल तेथे प्रार्थनेत ‘अदोनाय’ म्हणजे प्रभू असे म्हणावयाचे, आणि नित्याच्या बोलण्यात ‘हाशेम’, म्हणजे केवळ ‘ते नाम’, एवढेच म्हणून थांबावयाचे, अशी त्यांची रीत आहे. पोथीत त्या चार व्यंजनांना ‘अदोनाय’चे स्वर जोडीत, ते वाचकास आठवण राहावी म्हणून, ह्याचा उलगडा न झालेल्यांनी दोहोंचे मिश्रण करून ‘यहोवा’ असा उच्चार केला. ह्या बाबतीत ख्रिस्तसभेनेही जुन्या मर्यादेचा आदर केला आहे. २००८ च्या जून महिन्यात रोमहून सर्व देशांतील बिशपांस पत्र गेले की, उपासनेत, गीतांत व प्रार्थनांत ते नाम उच्चारू नये. प्रभू ह्या अर्थाचा शब्द योजावा.

आता यहूदी मनुष्याचा नित्यक्रम पाहू. त्याच्या प्रार्थनेचे मूळ घटक दोन. पहिला ‘बेराखा’, म्हणजे धन्यवाद. भाकरी खाण्यापूर्वी, फळ तोंडात घालण्यापूर्वी, इंद्रधनुष्य दिसले असता, दुःखाची वार्ता कानी आली असतादेखील, तो विश्वाच्या राजास धन्य म्हणतो. आपल्या मिस्सामध्ये भाकर व द्राक्षारस अर्पण करतेवेळी धर्मगुरू जी प्रार्थना करतात, तिची घडण ह्याच बेराखाच्या धर्तीवर केलेली आहे. दुसरा ‘शेमा’, म्हणजे ‘ऐक’. अनुवाद ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील, परमेश्वर एकच आहे हे सांगणारे ते वचन यहूदी मनुष्य सकाळी व रात्री म्हणतो, लेकरांस प्रथम शिकवितो, आणि मरतेवेळी ओठांवर आणतो. सर्वांत थोर आज्ञा कोणती असे शास्त्र्याने विचारले, तेव्हा येशूने उत्तराचा आरंभ ह्याच वचनाने केला, हे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. हे वचन चर्मपत्रावर लिहून लहान नळीत घालून दाराच्या चौकटीस लावितात. तिला ‘मेझूझा’ म्हणतात, व त्या शब्दाचा मूळ अर्थ चौकटीची बाही एवढाच आहे. नित्याच्या प्रार्थनांचा ग्रंथ तो ‘सिद्दूर’, म्हणजे क्रम. सणांच्या प्रार्थनांचा ग्रंथ तो ‘माखझोर’, म्हणजे वर्षाचे चक्र. ‘तोरा’ ह्या शब्दाचे भाषांतर आपण नियमशास्त्र असे करतो, परंतु त्याचा मूळ अर्थ शिकवण. सामुदायिक उपासनेस दहा जणांची गणपूर्ती लागते. तिला ‘मिन्यान’, म्हणजे मोजणी, असे नाव आहे.

पवित्र ह्या अर्थाच्या एकाच धातूपासून निघालेले तीन शब्द ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. ‘किद्दूश’ म्हणजे शब्बाथाच्या रात्री द्राक्षारसाच्या प्याल्यावर म्हटलेले पवित्रीकरण. ‘केदुशा’ म्हणजे यशया संदेष्ट्याने ऐकलेली दूतांची त्रिवार पवित्रतेची घोषणा. तीच आपण प्रत्येक मिस्सात गातो. आणि तिसरा ‘कद्दिश’. हा मृतांसाठी म्हणावयाचा, परंतु त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही. परमेश्वराचे थोर नाम पवित्र मानले जावो, त्याचे राज्य सत्वर येवो, एवढेच शोकाकुल पुत्र उभा राहून म्हणतो, आणि मंडळी आमेन म्हणते. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेचा आरंभ ज्यांस पाठ आहे, त्यांस ह्या शब्दांतील नाते निराळे सांगावयास नको. कद्दिशची भाषा बहुतांशी हिब्रू नसून अरामी आहे, म्हणजे येशूच्या घरात बोलली जात होती तीच.

शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी घरधनीण दिवे लावते आणि ‘शब्बाथ’ सुरू होतो. शब्दाचा अर्थ थांबणे. मेजावर दोन विणलेल्या भाकरी असतात. त्यांस ‘हाल्ला’ म्हणतात. शनिवारी रात्री तारे दिसू लागल्यावर द्राक्षारस, सुगंधी द्रव्ये व पिळाची मेणबत्ती घेऊन ‘हावदाला’ होतो, म्हणजे पवित्र दिवस व कामाचे दिवस ह्यांची फारकत.

हे सर्व शब्द हिब्रू किंवा अरामी होत. परंतु देशोधडीस लागलेल्या लोकांचे नुसत्या पवित्र भाषेवर भागत नाही. बाजारात, स्वयंपाकघरात, पाळण्यापाशी दुसरी भाषा लागते. सुमारे हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदीच्या काठी स्पायर, वोर्म्स व माइंझ ह्या नगरांत यहूदी लोकांच्या मोठ्या वस्त्या होत्या. जर्मन प्रदेशास ते ‘अश्केनाझ’ म्हणत. तेथे शेजाऱ्यांची जर्मन बोली, आपली हिब्रू व अरामी, आणि पूर्वी फ्रान्स-इटलीकडून आणलेले काही लॅटिनोद्भव शब्द ह्यांच्या मिश्रणातून एक नवी भाषा जन्मास आली. ती हिब्रू लिपीत लिहीत, आणि तिला यिद्दिश, म्हणजे यहुदी, असे नाव पडले. पुढे हे लोक पोलंड, लिथुआनिया, युक्रेन ह्या देशांत गेले तेव्हा तेथील स्लाव भाषांचे शब्दही तिच्यात मिसळले.

यिद्दिश बोलणारा मनुष्य प्रार्थनामंदिरास ‘शूल’ म्हणतो. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ शाळा, आणि हे नाव समर्पकच आहे, कारण तेथे प्रार्थनेइतकेच अध्ययनही चालते. प्रार्थना करणे ह्यास तो ‘दावनेन’ म्हणतो. ह्या शब्दाची व्युत्पत्ती पंडितांत वादग्रस्त आहे. डोक्यावरची टोपी हिब्रूत ‘किप्पा’, यिद्दिशमध्ये ‘यारमुल्का’. आशीर्वाद देणे व जेवणानंतर आभार मानणे ह्यास ‘बेन्शन’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘बेनेदिचेरे’चाच वंशज आहे, म्हणजे आपल्या ‘बेनेदिक्सियोन’चा भाऊ. पूर्वजाच्या पुण्यतिथीस ‘यारत्सइट’ म्हणतात. त्या दिवशी चोवीस तास दिवा तेवत ठेवतात व कद्दिश म्हणतात. मध्ययुगात जर्मन ख्रिस्ती लोक मृतांच्या वर्षाच्या मिस्सालाही हाच शब्द लावीत. एकाच गल्लीत राहणारी, एकमेकांस परकी मानणारी माणसे आपल्या मेलेल्यांची आठवण एकाच शब्दाने काढीत होती, हे पाहून मन थबकते.

यिद्दिशमुळे स्त्रियांचे मोठे कल्याण झाले. पुष्कळ स्त्रियांस हिब्रू शिकविले जात नसे. त्यांच्यासाठी यिद्दिशमध्ये ‘त्खिनेस’ ह्या नावाची प्रार्थनापुस्तके निघाली. त्यांत दिवे लावताना, हाल्ला भाजताना, बाळंतपणात म्हणावयाच्या विनवण्या असत. यानोव्हच्या याकोब बेन इसहाक ह्यांनी पवित्र शास्त्रातील कथा यिद्दिशमध्ये सांगणारा ‘त्सेने-रेने’ हा ग्रंथ रचला. त्याची १६२२ साली बासेल येथे छापलेली प्रत उपलब्ध आहे. शब्बाथाच्या दुपारी आजी तो वाचीत बसली आहे आणि भोवती नातवंडे जमली आहेत, हे दृश्य पूर्व युरोपातील घरोघरी पिढ्यानुपिढ्या दिसत असे.

आता ज्या एका पोथीपायी आम्ही हा विषय निवडला तिच्याकडे वळू. यिद्दिश भाषेतील सर्वांत जुने ज्ञात कालनिर्देशित वाक्य १२७२ साली लिहिलेल्या एका माखझोरात सापडते. ही मोठ्या आकाराची चर्मपत्राची पोथी शतकानुशतके वोर्म्स येथील शूलमध्ये वापरात होती. तीत एका प्रार्थनेच्या मथळ्याची अक्षरे फार मोठी काढलेली आहेत, आणि त्या अक्षरांच्या पोकळीत लेखणीने बारीक अक्षरांत एक यमकबद्ध आशीर्वाद लिहिला आहे. हा माखझोर जो सभास्थानी वाहून नेईल त्याचा दिवस चांगला जावो, असा त्याचा भाव. पोथी जड, ती खांद्यावरून नेणाऱ्या हमालाची आठवण लेखकास झाली. ह्या वाक्यात ‘माखझोर’ व ‘सभास्थान’ हे दोन शब्द तेवढे हिब्रू आहेत, बाकीचे जर्मन. पवित्र शब्द तसेच ठेवून त्यांच्याभोवती घरची भाषा गुंफावयाची, ही यिद्दिशची सारी रीत त्या एका ओळीत उतरली आहे.

ज्या नगरीत हे वाक्य जपले गेले, तेथेच १०९६ च्या मे महिन्यात पहिल्या धर्मयुद्धास निघालेल्या जमावांनी शेकडो यहूद्यांस ठार मारले होते. काहींनी बिशपांच्या वाड्यात आश्रय घेतला होता. तो वाडाही त्यांस वाचवू शकला नाही. मारणाऱ्यांच्या वस्त्रांवर क्रूस होता. हे लिहिताना लेखणी जड होते, परंतु ज्युबिलीच्या ग्रंथात गोड तेवढेच सांगणे हा इतिहास नव्हे. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात नात्सी सत्तेने जर्मनीभर सभास्थाने जाळविली, त्यांत वोर्म्सचे प्राचीन शूलही जळाले. पोथी मात्र वाचली. नगराच्या दप्तरखान्यावरील अधिकाऱ्याने ती मिळविली आणि संत पेत्राच्या कॅथीड्रलमध्ये लपवून ठेविली. १९५७ साली ती यरुशलेम येथील राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचली, आणि आज तेथे आहे. एकाच नगरात बिशपांचा वाडा माणसांस तारू शकला नाही, आणि साडेआठशे वर्षांनी कॅथीड्रलने त्यांच्या प्रार्थनेची पोथी तारली. दुसऱ्या गोष्टीने पहिली पुसली जात नाही. दोन्ही आपल्याच घरातील म्हणून दोन्ही स्मरणात ठेवल्या पाहिजेत.

पोथी वाचली, पण ती वाहून नेणारे वाचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिद्दिश बोलणारे लोक एक कोटीच्या घरात होते. त्या युद्धात सुमारे साठ लक्ष यहूद्यांची हत्या झाली, आणि त्यांतील बहुसंख्य यिद्दिशभाषी होते. कित्येक गावी कद्दिश म्हणण्यास लागणारे दहा जणही उरले नाहीत. तरी ती भाषा समूळ गेली नाही. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन भाग, यरुशलेम, अँटवर्प, लंडन येथील हसीदी पंथाच्या वस्त्यांत मुले आजही यिद्दिशमध्येच भांडतात व खेळतात, आणि शुक्रवारी सायंकाळी ‘गुट शाबेस’ म्हणून एकमेकांचे अभीष्ट चिंतितात.

ऱ्हाइनकाठी जे यिद्दिशने केले, तेच कार्य कोकणात आपल्या मराठीने केले आहे. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. दीर्घ काळ ग्रंथावाचून व गुरूवाचून राहिल्यामुळे हिब्रू प्रार्थना ते विसरले; परंतु शेमा विसरले नाहीत. सुंतेच्या, लग्नाच्या, मरणाच्या प्रसंगी ते तेच म्हणत, अशी त्यांची परंपरा सांगते. सणांची हिब्रू नावे गेली तेव्हा त्यांनी मराठी नावे योजिली. नववर्षाचा तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात राहावयाचे म्हणून तो ‘दरफाळणीचा सण’. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो ‘बिरड्याचा सण’. त्या दिवसाच्या उपवासानंतरचे साधे अन्नच त्याचे नाव झाले. नवस फेडताना ते पोहे, साखर, नारळ व फळे ह्यांचा ‘मलिदा’ करतात आणि एलिया संदेष्ट्याचे स्मरण करतात.

कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी समुएल इझिकिएल दिवेकर ह्यांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधिले. त्याचे नाव ‘शाआर हाराखामीम’, म्हणजे कृपेचे द्वार. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘जुनी मशीद’ झाले, आणि जवळच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पुण्यात बगदादी यहूद्यांचे १८६७ साली पुरे झालेले सभास्थान पुणेकरांचे ‘लाल देऊळ’ आहे. हिब्रूत ‘बेथ क्नेसेथ’ म्हणजे जमण्याचे घर. ग्रीकांचे सिनेगॉग, जर्मनांचे शूल, मुंबईची मशीद, पुण्याचे देऊळ. शेजाऱ्याचा शब्द घेऊन ते आपले घर ओळखीत आले. आपल्या वसईकडील मंडळीही चर्चला देऊळच म्हणतात, तेव्हा ही रीत आपणांस अपरिचित नाही. १८४६ साली मुंबईत पास्काच्या रात्री वाचावयाचा ‘हाग्गादा’ हा ग्रंथ मराठी भाषांतरासह छापला गेला, व १८७४ साली पुण्यात दुसरा निघाला. जोसेफ इझिकिएल राजपूरकर ह्यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे करून पुढील मार्ग सुगम केला. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल मंडळी इस्राएल देशी गेली. तेथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

ह्या सर्व वृत्तांतातून आम्हांस एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसते. प्रार्थना जिवंत राहण्यास दोन भाषा लागतात : एक, जी बदलावयाची नाही, आणि दुसरी, जी आईच्या तोंडची आहे. पहिलीवाचून प्रार्थना भरकटते. दुसरीवाचून ती घरात येत नाही. आपला अनुभवही हाच नाही काय? १९६३ नंतर, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आदेशाने, मिस्सा मराठीत आला. लॅटिन शब्द बहुतेक मावळले. परंतु आमेन, आलेलुया, होसान्ना हे लॅटिनच्याही आधीचे शब्द जागचे हालले नाहीत. ते ग्रीकांनी बदलले नाहीत, रोमकरांनी नाहीत, आणि आपणही नाहीत.

ज्यांचे हे शब्द त्यांच्याविषयी ख्रिस्ती लोकांनी दीर्घकाळ अनुदार भाषा वापरली. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेत त्यांना लावलेले कठोर विशेषण पोप तेविसावे योहान ह्यांनी १९५९ साली काढून टाकिले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी परिषदेने ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सर्व यहूद्यांवर लादता येत नाही असे घोषित करून त्यांच्याविषयीच्या द्वेषाचा निषेध केला. १९८६ साली पोप दुसरे योहान पौल रोमच्या सभास्थानी स्वतः गेले आणि यहूद्यांस त्यांनी आपले वडील बंधू मानिले.

वाचकहो, ज्युबिलीच्या मिस्साला आपण शेकडो कंठांनी आमेन म्हणू. तो शब्द अलेक्झांड्रियाच्या सभास्थानात, वोर्म्सच्या जळालेल्या शूलमध्ये आणि कोकणातील तेल्याच्या ओसरीवर म्हटला गेला आहे. तो कोणाकडून आला, आणि त्याच्यासाठी कोणी काय सोसले, हे जाणून आपण तो म्हणू या. म्हणजे निदान आपल्या देवळात तरी आमेन अनाथ राहणार नाही.